१८० की २१०? व्हेपरायझरवरचा आकडा आणि भांड्यातला चोथा

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांना पाठीच्या ऑपरेशननंतर नसांची जळजळ राहिली आहे. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी गांजाची औषधी फुलं लिहून दिली, वाफ करून ओढायला. त्यासाठीचं उपकरण, म्हणजे व्हेपरायझर, ४० ते २१० अंशांपर्यंत जातं. इंटरनेटवरच्या तक्त्यात ‘टीएचसी (गांजातला गुंगी आणणारा मुख्य घटक) १५७ अंशांना उकळतं’ असं वाचून त्यांनी थोडं वर, १८० वर ठेवलं. चार झुरके घेतले, काही झालं नाही. मग तेच भांडं तसंच ठेवून आकडा थेट २१० वर नेला. दोन झुरक्यांत प्रचंड खोकला, घसा सोलून निघाला, डोकं गरगरलं आणि पुढचा तासभर सोफ्यावर. आता ते विचारतात, बरोबर तापमान कोणतं? आणि १५७ पुरेसं असेल तर २१० ची सोय ठेवलीच कशाला?

मी इथे जर्मनीतच औषधाच्या दुकानात, म्हणजे आपोथेकेत, फार्मासिस्ट आहे. मार्च २०१७ मध्ये इथे डॉक्टरांना ही फुलं लिहून द्यायची मुभा मिळाली, तेव्हापासून आमच्या काउंटरवरून ती जात आली आहेत. सांगलीहून आईचा फोन आला की ती अजून विचारते, “काय गं, अजून गांजाच विकतेस का?” असो. या काळात तापमानाचा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

आधी त्या १५७ चा निकाल लावू. आकडा खोटा नाही, अर्धा आहे. १९६४ साली इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशूलाम यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं. त्याच्या उत्कलनबिंदूची १५५ ते १५७ अंश ही नोंद सगळीकडे दिसते, पण ती ०.०५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाची आहे. आपल्याभोवती हवेचा दाब असतो ७६० मिलिमीटर. म्हणजे ती नोंद आपल्या हवेच्या साधारण पंधरा हजाराव्या भागाइतक्या दाबाची, जवळजवळ निर्वात भांड्यातली. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक असतं. दाब उतरला की उकळणं लवकर येतं. तक्ता बनवणाऱ्या कुणीतरी दाबाचा रकाना गाळला आणि नुसता १५७ पुढे चालत राहिला. त्याच तक्त्यात फुलातल्या सुगंधी तेलांचेही आकडे असतात. त्यांतल्या कॅरियोफायलीनपुढे १३० लिहिलेलं असतं. तीही निर्वातातलीच नोंद. साध्या हवेत ते अडीचशेच्या वर उकळतं. गंमत म्हणजे शेजारच्या ओळीत पायनीन १५६, मायर्सीन १६७, लिमोनीन १७६, लिनालूल १९८ हे आकडे साध्या हवेतले असतात. एकाच तक्त्यात दोन जगांचे आकडे, आणि लोक त्यावरून ‘आज १५७, उद्या १७६’ अशी बटणं दाबतात.

मग साध्या हवेत टीएचसी कितीला उकळतं? चारशेच्या पुढे. तिथवर नेलं तर फूल केव्हाच जळून जाईल. तरी १९० ला वाफ येते, कारण वाफ व्हायला उकळावं लागत नाही. दोरीवरचा पंचा वाळतो तो शंभर अंशांना उकळून नाही. ऊन आणि वारा मिळाला की पाणी आपसूक उडतं. डबी उघडल्याबरोबर नाकात लिंबाचा, देवदाराचा वास येतो, तो खोलीच्या तापमानाला उडालेल्या लिमोनीन-पायनीनचाच. व्हेपरायझरमध्ये ऊन म्हणजे हीटर आणि वारा म्हणजे तुमचा झुरका. फुलावर टीएचसीचा चिकट थर असतो, गरम हवा त्यावरून जाते आणि थोडं थोडं उचलून नेते. तापमान जास्त तर दर हवेमागे उचल जास्त. कुठल्याही एका अंशावर दार उघडत नाही आणि एक अंश खाली ते बंदही नसतं. हे एवढं पटलं की बाकीचं सोपं आहे.

दुसरी फसवणूक पडद्यावरच्या आकड्याची. पडदा १९० दाखवतो ते हीटरजवळच्या संवेदकाचं तापमान. फुलाचं नाही. उपकरणं ढोबळ दोन प्रकारची. काहींत भांड्याची भिंतच तापते आणि फूल भिंतीला टेकून भाजलं जातं, शाळेत शिकलो ते वहन. काहींत हवा तापवून फुलातून सोडतात, ते अभिसरण. बऱ्याच हातातल्या यंत्रांत दोन्हींची सरमिसळ असते. वहनात कडेचं फूल करपतं आणि मधलं हिरवं राहतं, अगदी पातळ तव्यावरच्या भाकरीसारखं. अभिसरणात सगळं तुमच्या श्वासावर. जोरात ओढलंत तर हवेला तापायला वेळ मिळत नाही आणि फूल थंड पडतं.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. दुकानात मागच्या खोलीत आम्ही दोघीजणी बसलो होतो, भांड्यात वाळलेली कॅमोमाइलची फुलं भरलेली (प्रयोगाला ती बरी, कुणाला काही होत नाही) आणि झाकणाच्या फटीतून आत सरकवलेली तापमापकाची बारीक तार. यंत्र ‘तयार’ म्हणून थरथरलं तरी तारेचा आकडा अजून चढतच होता. सहकारिणीने दणदणीत झुरका घेतला आणि तो झरझर खाली घसरला. पडदा मात्र शांतपणे १९० दाखवत होता. मग तिने हळू, चहावर फुंकर मारतो त्या जोराने पण उलट दिशेने, दहा सेकंद ओढलं. या वेळी आकडा जेमतेम हलला. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी झुरका कसा घ्यायचा ते दाखवते, बटणांचं नंतर.

तिसरी गोष्ट रसायनाची, पण लांबवत नाही. फुलात टीएचसी फारसं नसतंच. असतं टीएचसीए हे आम्ल. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. रेणूचं वजन ३५८ वरून ३१४ वर येतं, म्हणून प्रयोगशाळा टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणते. अहवालात टीएचसीए २२.८ टक्के असेल तर हाती येणारं टीएचसी २० टक्के. ११० अंशांना हे रूपांतर व्हायला बराच वेळ लागतो, १८०-१९० ला पटकन होतं. पण पहिले झुरके घाईत घेतले, फूल अजून तापलेलंच नाही, तर तेवढ्यापुरतं वास आणि वाफ मिळते, औषध मात्र कमी.

आता तुमच्याकडे काय झालं असावं ते बघू. फूल तुम्ही बोटांनी मोडून घातलं, असं लिहिलंय. म्हणजे मोठे गड्डे. यंत्र थरथरल्याबरोबर ओढायला सुरुवात केलीत, तेही सिगरेटसारखं छोटं आणि जोराचं. त्यामुळे पडद्यावर १८० असलं तरी गड्ड्यांच्या आत तेवढं पोचलंच नाही. रूपांतर थोडं झालं, उचल त्याहून थोडी. चार झुरक्यांनंतर भांड्यात जवळपास सगळं औषध शिल्लक होतं, आणि आता ते तापून तयारही होतं. त्यावर ३० अंशांची उडी. पहिल्या चार झुरक्यांत जे विभागून यायला हवं होतं ते दोन झुरक्यांत एकदम आलं. खोकला २१० मुळे, गरगर मात्रेमुळे. दोन्ही एकदम झाल्याने तुम्हाला ते एकच वाटलं. त्यातून ‘मला १८० पुरत नाही आणि २१० सोसत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. १८० ला तुम्ही खरंतर ओढलंच नाहीत.

मग ठेवायचं किती? माझं मत स्पष्ट आहे: वेदनेसाठी औषध म्हणून घेणाऱ्याने एक आकडा पकडावा आणि महिनाभर तो हलवू नये. मी बहुतेकांना १९० पासून सुरुवात करायला सांगते. ज्यांचा घसा नाजूक किंवा ज्यांना आधीपासून खोकला, त्यांना १८५. एका भांड्याच्या शेवटी एकदाच १० ते १५ अंश वाढवून उरलंसुरलं काढायचं. नवीन भांडं, पुन्हा १९०. वाढवायचं ते पाच-पाच अंशांनी, आणि तेही मात्रा, दळण आणि झुरका ठरल्यानंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फूल जास्त घातलं, तापमानही वाढवलं आणि त्याच दिवशी नवीन वाणही आलं, तर रात्री बरं वाटलं ते कशामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी किंवा तुमच्या आपोथेकेने चिठ्ठीवर तापमान लिहून दिलं असेल तर अर्थात तेच धरा. मात्रा त्या तापमानाशी जोडलेली असते.

मात्रेचा हिशोब एकदा करून बघा. २० टक्क्यांचं फूल १०० मिलिग्रॅम घातलं तर भांड्यात २० मिलिग्रॅम टीएचसी. ते सगळं फुप्फुसात जात नाही. लायडनच्या संशोधकांनी २००६ मध्ये फुगा भरणाऱ्या ‘व्होल्केनो’ यंत्रावर शुद्ध टीएचसी घालून मोजलं, तर घातलेल्यापैकी सरासरी ५४ टक्के फुग्यात पोचलं. तेही त्यांनी तापमान, मात्रा, फुग्याचं आकारमान सगळं जुळवून घेतल्यावर. तुमच्या हातातल्या यंत्राला तोच आकडा लावू नका, पण अर्ध्याच्या आसपासचा अंदाज डोक्यात ठेवायला हरकत नाही. नवख्याला इथे साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम फुलापासून सुरू करतात, संध्याकाळी, बसून. परिणाम काही मिनिटांत जाणवतो, तरी पुढच्या झुरक्याआधी निदान १५ मिनिटं थांबायचं. तुम्ही मात्रा ‘डोळ्यांनी’ घेतलीत. दागिने तोलायचा छोटा काटा घ्या, फार महाग नसतो.

कमी तापमानाचे फायदे आहेत: चव चांगली, वाफ मऊ, घसा सुखी. १७०-१८० ला सुगंधी तेलं आधी निघतात आणि टीएचसी हळूहळू. जास्त तापमानाला उचल जास्त, म्हणजे तेवढ्याच फुलातून औषध जास्त आणि लवकर. पण २०० च्या पुढे फुलाचं स्वतःचं अंग, तंतू, साखरा, करपायला लागतात. लसूण तांबूस होण्यात आणि करपण्यात तेलाच्या तापमानाचा फरक किती थोडा असतो, ते फोडणी घालणाऱ्याला विचारा. म्हणूनच बरीच यंत्रं २१० किंवा २३० ला थांबतात. तिथवरही जळण्याशी तुलना होत नाही. पेटलेल्या सिगरेटचा निखारा झुरक्यात ८००-९०० अंशांवर जातो. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ मध्ये १८ जणांवर झालेल्या छोट्या अभ्यासात वाफ ओढणाऱ्यांच्या रक्तात टीएचसी जवळपास धूम्रपानाइतकंच आलं, पण उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड फार कमी निघाला. वाफेचं मुख्य समर्थन एवढंच आहे. ‘फुप्फुसाला काहीच होत नाही’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आणि ते ‘१६५ ला डोकं ताजं, २०० ला झोप’ वगैरे? माझ्या अनुभवात ही बहुतेक मात्रेची करामत असते. २०० ला जास्त टीएचसी येतं, म्हणून जास्त गुंगी. १६५ ला तेवढंच टीएचसी पोचवण्याइतके झुरके घ्या, मग बघा डोकं किती ताजं राहतं.

आता माझा सगळ्यात आवडता मोजमापक: चोथा. पडदा खोटं बोलेल, चोथा नाही. काम झाल्यावर भांडं पांढऱ्या कागदावर उलटं करा. हिरवा आणि अजून वासाचा असेल तर औषध आत राहिलं. फिकट तपकिरी, कोरडं, तव्यावर भाजलेल्या जिऱ्याच्या रंगाचं आणि लाह्यांसारखा वास, म्हणजे ठीक. चॉकलेटी असेल तर पूर्ण निघालं, याच्यापुढे ओढू नका, उरलीय ती फक्त कडू चव. काळं, चुरचुरीत, राखेच्या वासाचं दिसलं की कुठेतरी जळलंय. मागे एक वयस्कर आजोबा स्टीलच्या डबीत चोथा घेऊन आले होते, “औषधात दम नाही” अशी तक्रार घेऊन. कागदावर ओतला तर निम्मा काळा, निम्मा हिरवागार. तापमान २०५ होतं, म्हणजे कमी मुळीच नव्हतं. फूल घट्ट दाबून भरलं होतं आणि मध्ये एकदाही ढवळलं नव्हतं. आम्ही आकडा उलट १५ ने खाली आणला, सैल भरायला शिकवलं, दोन झुरक्यांनंतर काडीने हलवायला सांगितलं. नंतर तक्रार आली नाही.

दळणाचंही तसंच. चिठ्ठीवर दळून द्यायला सांगितलं असेल तर इथे फुलं दळून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. जाडसर रवा म्हणा. घरी दळत असाल तर त्याच्याहून बारीक करू नका. पीठ झालं की जाळी चोंदते, ओढ लागते, मग आपण जोर लावतो आणि पुन्हा तेच थंड पडण्याचं चक्र. पाणीही बघा. फुलात साधारण १० टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो आणि पहिली उष्णता तो उडवण्यातच जाते. दमट फुलाचा पहिला झुरका फिका आणि गरम वाफेचा लागतो. खडखडीत वाळलेलं फूल त्याच १९० ला घशाला जास्त बोचतं, आणि लोक समजतात यंत्र बिघडलं. डबी नीट बंद करा, उन्हात आणि रेडिएटरवर ठेवू नका. इथल्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की आठवड्याभरात फरक कळतो.

खोकला आला तर क्रम असा: आधी झुरका हळू करा. मग यंत्र तापल्यावर अर्धा मिनिट थांबून बघा. मग जाळी आणि माउथपीस साफ करा. चिकट राळ साठली की वाट अरुंद होते आणि वाफ गरमच घशात येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, एकदा रिकामंच तापवा, मगच वापरा. एवढं करूनही खोकला राहिला तर तापमान पाचने खाली आणा. श्वास कोंडून धरायची गरज नाही. दोन-तीन सेकंद पुष्कळ झाले. रोज खोकला, छातीत घरघर किंवा कफ वाढला तर बटणाशी खेळत बसू नका, डॉक्टरांना सांगा, औषधाचं दुसरं रूप मिळतं.

हृदयाचा त्रास, घरात कुणाला मनोविकाराचा झटका आल्याचा इतिहास, गर्भारपण, झोपेच्या किंवा अफूवर्गीय गोळ्या: यातलं काहीही असेल आणि डॉक्टरांना माहीत नसेल तर तापमान १७० ठेवूनही फायदा नाही. गाडीचं म्हणाल तर ऑगस्ट २०२४ पासून जर्मनीत रक्ताच्या सीरममध्ये (पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) टीएचसीची मर्यादा ३.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. लिहून दिल्याप्रमाणे घेणाऱ्या रुग्णाला वेगळी सवलत असते, पण गुंगीत गाडी चालवायची सवलत कुणालाच नाही.

तुम्ही शेवटी दिवाळीला पुण्याला जाण्याबद्दल विचारलंय. फुलं नेऊ नका. जर्मन चिठ्ठी भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यापुढे ढाल होत नाही, आणि त्या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे शेंडेच. यंत्रही इथेच ठेवा. २०१९ च्या ई-सिगरेटबंदी कायद्याची व्याख्या पदार्थ तापवून वाफ करणाऱ्या साधनांपर्यंत जाते आणि आयात त्यात बंद आहे. त्या दिवसांसाठी वेदनेचं काय करायचं हे तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी ठरवा, आदल्या आठवड्यात नाही.

तोपर्यंत पुढचे चार-पाच दिवस असं करा. ५० मिलिग्रॅम तोलून, जाडसर दळून, सैल भरून, १९० अंश, अर्धा मिनिट थांबून हळू झुरका, मग पंधरा मिनिटं. वहीत वेळ, झुरके आणि वेदना दहापैकी किती, एवढंच लिहा. आणि प्रत्येक भांड्याचा चोथा तारीख घातलेल्या कागदाच्या पुडीत ठेवा. पुढच्या वेळी औषध घ्यायला जाल तेव्हा त्या पुड्या तुमच्या फार्मासिस्टच्या काउंटरवर उघडा. त्या बघून जितकं सांगता येतं तितकं पडद्याचा फोटो बघून सांगता येत नाही.